स्लो कुकरमधलं अननस-आल्याचं बीफ (गोड आहे, आधीच सांगते)

कांदेनवमी

पॉटलकच्या (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या) धाग्यावर तिघाचौघांनी पाकृ (पाककृती) मागितली होती, म्हणून हा वेगळा धागा. बीफ न खाणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही. मांसात गोड न चालणाऱ्यांनी मात्र जरा थांबावं, कारण माझा नवरा साताऱ्याचा आहे आणि तो हे मागून खातो.

साहित्य: बीफ चक रोस्ट (खांद्याचा भाग) ३ पाउंड (साधारण १३५० ग्रॅम), २ मोठे कांदे जाड उभे चिरून, अंगठ्याएवढं आलं आणि लसणाच्या ८-१० पाकळ्या ठेचून, पाव कप सोया सॉस, ३ मोठे चमचे किसलेला गूळ, अननसाच्या फोडींचा २० औंसाचा डबा (स्वतःच्या रसातला, साखरेच्या पाकातला नको), ४-५ ब्याडगी मिरच्या, एक चक्रीफूल, २ मोठे चमचे व्हिनेगर, मीठ, मिरपूड, तेल. वरून लिंबू आणि कांद्याची पात.

रोस्टचे चारच मोठे तुकडे करा. मटणासारख्या बारीक फोडी केल्या तर आठ तासांनी चोथा उरतो. जमलं तर आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडं ठेवा. सकाळी कागदाने खडखडीत कोरडं पुसून बिडाच्या कढईत चांगल्या तापलेल्या तेलावर ठेवा आणि हात लावू नका. चार-पाच मिनिटांनी ते स्वतःहून सुटतं, मग उलटा. त्याच तेलात कांदा, आलं-लसूण, मिरच्या. तळाला जे काळपट चिकटलेलं असतं ते अननसाचा थोडा रस आणि व्हिनेगर घालून खरवडून घ्या, टाकू नका, अर्धा रस्सा तोच आहे.

आता सगळं भांड्यात: कांदा खाली, मांस वर, सोया सॉस, गूळ, चक्रीफूल आणि डब्यातला पाऊण कप रस. पाणी अजिबात नाही. कमी वाटेल, तरी नाही. स्लो कुकरमधून वाफ जवळजवळ बाहेर जातच नाही आणि मांस नि कांदा स्वतःचं भरपूर पाणी सोडतात. कुकर "लो"वर (कमी आचेवर) ८ तास. अननसाच्या फोडी शेवटचा अर्धा तास राहिला की घाला.

मग मांस बाहेर काढून काट्याने सैलसर मोकळं करा. रस्सा पसरट भांड्यात ओता, वरची चरबी चमच्याने काढा आणि मोठ्या आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग "पाणचट झालं" म्हणतात. आटल्यावर लिंबू पिळून चाखा आणि मगच मिठाचं ठरवा, कारण सोया सॉस आटला की खारटपणा दामदुप्पट होतो. मांस, फोडी परत घाला. खाली साधा भात.

चकच का, तर खांद्याच्या या भागात चरबीही आहे आणि चिवट पडदेही. राउंड किंवा सरलॉइन (मांडीचा नि कमरेचा भाग) स्वस्तात मिळालं म्हणून इथे घालू नका, कोरडं होतं आणि घशाखाली उतरत नाही.

तर्रीबाज

गूळ. अननस. मांसात. रंकाळ्यात उडी मारायला निघालोय, जाताजाता प्रतिसाद देतो.
(हलके घ्या.) पण खरंच, शिऱ्यासारखं नाही लागत?

कांदेनवमी

@तर्रीबाज, नाही लागत. गूळ आहे ३ चमचे, मांस सव्वा किलोच्या वर, आणि समोर सोया सॉसचं मीठ, व्हिनेगर, लिंबू, मिरची. आमटीत गूळ घालतोच की आपण. कोकणात नि गोव्यात अननसाचं सासव करतात, त्यात नारळ, मोहरी, गूळ आणि फळ एकत्रच असतं नि भाताबरोबर जेवतात. फक्त समोर मांस आलं की आपण दचकतो.
साताऱ्याच्या माणसासाठी मी वरून लसूण आणि कांदा-लसूण मसाल्याची फोडणी देते. तुम्हीही द्या आणि रंकाळ्याच्या काठावर बसून खा.

अर्धीभाकर

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). एक शंका. इथे ताजा अननस डब्यापेक्षा स्वस्त मिळतो. तो चालेल का? आणि फोडी पहिल्यापासून घातल्या तर चव जास्त मुरेल ना?

पाटावरवंटा

@अर्धीभाकर, ताजा पहिल्यापासून अजिबात नको. पोटापाण्यासाठी खाद्यप्रक्रियेतच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाची विकरं (एन्झाइम) असतात, ती प्रथिनं तोडतात. मधल्या कडक दांड्यात तर भरपूर. ताजा अननस जास्त खाल्ला की जीभ चरचरते, त्यातही हेच आहे. कच्च्या पपईत पपेन असतं, म्हणून कबाबाच्या मांसाला पपई लावतात. ही विकरं कोमट ते बऱ्यापैकी गरम, म्हणजे ५०-६० अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात चालतात आणि ७० च्या आसपास निकामी होतात. कढईत मांस ही पायरी झटकन ओलांडतं. स्लो कुकर लोवर असेल तर तिथेच रेंगाळत वर चढतो. विकरांना एवढी सवड मिळाली की मांसाचा बाहेरचा थर पिठूळ होतो आणि आत मात्र ते चिवटच असतं, कारण विकरं फारशी आत शिरत नाहीत. त्याला मऊ म्हणत नाहीत, बोटाने चोळलं तर पेढ्याच्या चुऱ्यासारखं सुटतं.

डब्यात भरताना अननस तापवलेला असतो, विकरं तिथेच संपलेली असतात. म्हणून डब्यातला रस पहिल्यापासून घातला तरी काही बिघडत नाही. ताजा वापरायचाच असेल तर फोडी आणि रस आधी वेगळ्या भांड्यात पाचेक मिनिटं उकळून घ्या, मग हवं तेव्हा घाला.

आता मुरण्याबद्दल. आठ तास शिजलेल्या फोडीत चव उरत नाही, नुसती चोयटी उरते. रस मुरवा, फोडी शेवटीच.

आणि मऊपणा मुळात अननसाचं काम नाहीच. चकमधले ते पांढरट पडदे म्हणजे कोलॅजेन. ७० च्या वर तासन्‌तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप थंड झाल्यावर थरथरतं ते यामुळेच. याला वेळच द्यावा लागतो. ५ तासांनी काटा टोचलात तर रबर लागेल. ते कच्चं नसतं, अर्ध्या वाटेवर असतं. बरेच जण इथेच घाबरून बंद करतात आणि "चक वाईट निघालं" म्हणतात.

दुपारचीझोप

अच्छा, म्हणूनच ताजा अननस घातला की जेली सेट होत नाही का? पण माझ्या सासूबाई चायना ग्रासमध्ये ताजा अननस घालतात, ते तर छान सेट होतं.

पाटावरवंटा

@दुपारचीझोप, अगदी बरोबर. जेलीची पावडर जिलेटिनची, म्हणजे प्रथिनं. विकरं ती तोडतात. चायना ग्रास समुद्री शेवाळातून येतं, ते प्रथिन नाही, त्याला अननस काही करू शकत नाही. सासूबाईंचं बरोबर आहे.

खडीसाखर

असल्या पाकृ मराठी संस्थळावर कशाला? आपल्या संस्कृतीत बसत नाही हे. निषेध नोंदवतो.

निर्मळची_लेक

@खडीसाखर, नोंदवा. वसईत आमच्या घरी रविवारी मिस्साहून आलं की बीफच असतं आणि घरात मराठीच बोलतात. आपल्या संस्कृतीची फूटपट्टी कुठल्या गल्लीत मिळते तेही लिहा.

पाकृबद्दल बोलते. आमच्याकडे बाटली मसाला असतो, मे महिन्याच्या उन्हात मिरच्या वाळवून, सगळं वेगवेगळं भाजून, कुटून काळपट बाटल्यांमध्ये दाबून भरतात. ब्याडगी आणि चक्रीफुलाच्या जागी तो दीड चमचा घालून बघितला. गोडाला जबरदस्त धरतो. आईच्या मोयलीत (मसालेदार मांसाच्या रश्शात) अननस कधी पडला नाही आणि तिच्या हयातीत पडणारही नाही, पण तिने वाटी पुसून खाल्ली. बरोबर फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) होते. भातापेक्षा फुगे बरे, रस्सा पितात.

सुकीचटणी

+१ निर्मळची_लेक. आमच्या मराठवाड्यात चान्या असायच्या, मांसाच्या लांब पट्ट्या मीठ-हळद लावून दोरीवर वाळवलेल्या. ती दोरी कुणाच्या दारात दिसते यावरून गाव माणसाची जात ओळखायचं. गोड वगैरे लाड नव्हते, गूळ घ्यायला पैसे नसायचे. निखाऱ्यावर भाजून नुसत्या भाकरीबरोबर. संस्कृतीचा धागा वेगळा काढा, तिथे सविस्तर बोलतो.

संपादक मंडळ

पाकृवरच बोलू या. मूळ विषय सोडून आलेले चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

मुळामुठा

पुण्यात करायचं तर काय वापरू? कायदेशीर भानगड नको.

निर्मळची_लेक

@मुळामुठा, इथे दुकानात मिळतं ते म्हशीचं, "बड्याचं" म्हणून मागा. २०१५ च्या सुधारणेपासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हैस त्यात येत नाही. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्यावर बंदी घालणारं कलम रद्द केलं, कत्तलीवरची बंदी मात्र कायम ठेवली. पावती देणाऱ्या परवानाधारक दुकानातून घ्या.

दस्ती किंवा नळीचं घ्या, थोडं हाड असू द्या. म्हशीचं मांस गडद आणि त्यात चरबी कमी. त्यामुळे वरून दोन चमचे खोबरेल तेल घाला आणि आठऐवजी नऊ-दहा तास धरा. स्लो कुकर नसेल तर जाड बुडाच्या पातेल्याला कणकेने झाकण बंद करून अगदी बारीक आचेवर चार तास.

चौथी_शिट्टी

एवढे तास कुणाला आहेत? इन्स्टंट पॉटमध्ये (विजेच्या प्रेशर कुकरमध्ये) झालं. दीड-दोन इंची तुकडे, हाय प्रेशरवर ४० मिनिटं, मग वाफ आपोआप जाऊ दिली. फक्त गूळ आधी घालू नका, तळाला जाऊन बसतो आणि भांडं "बर्न" म्हणून ओरडायला लागतं. गूळ आटवताना घाला. साध्या कुकरलाही हेच, पण रसाबरोबर एक कप पाणी घाला, कुकर कोरडा पडता कामा नये.

चवीत फरक आहे का? आहे. प्रेशरमध्ये मांस सुटतं छान, पण रस्सा वेगळा आणि मांस वेगळं लागतं. दुसऱ्या दिवशी तो फरकही जातो. सोमवार ते शुक्रवार माझा कुकर, रविवारी तुमचा.

समुद्रकाकू

नोकरीमुळे हवाईत, होनोलुलूत राहते, म्हणून थोडी भर घालते. इथे गुरं मुळात नव्हतीच. जॉर्ज व्हँकूवर या इंग्रज दर्यावर्दीने १७९३ मध्ये राजा कामेहामेहाला गाईबैल भेट दिले. राजाने त्यांना मारायला बंदी घातली. मग ती इतकी वाढली आणि माजली, की लोकांची शेतं तुडवायला लागली. शेवटी १८३० च्या दशकात मेक्सिकन गुराखी बोलावून स्थानिकांना घोड्यावर बसायला आणि फास टाकायला शिकवलं. त्या गुराख्यांना इथे पानिओलो म्हणतात. बिग आयलंडवरचं पार्कर रँच १८४७ पासूनचं आहे. पिपिकाउला म्हणून मीठ आणि सोया सॉस लावून वाळवलेलं बीफ मिळतं. @सुकीचटणी, तुमच्या चान्यांच्या जातकुळीतलंच, खाल्लंत तर हसाल.

सोया सॉस-आलं-साखर ही मोट इथल्या मळ्यांवर बांधली गेली. ऊस आणि अननसाच्या मळ्यांवर चीन, जपान, पोर्तुगाल, कोरिया, फिलिपिन्समधून मजूर आणले, त्यांचे डबे एकमेकांत मिसळले. जेम्स डोलने १९०१ मध्ये अननसाची कंपनी काढली, १९२२ मध्ये लनाई बेटाची जवळजवळ सगळी जमीन विकत घेतली. डबाबंद अननस अमेरिकाभर गेला आणि मग मुख्य भूमीवरच्या लोकांनी कशातही अननस घालून त्याला "हवाइयन" म्हणायला सुरुवात केली. हवाइयन पिझ्झा तर १९६२ मध्ये कॅनडात, ऑन्टारिओतल्या चॅटममध्ये सॅम पॅनोपुलोस नावाच्या ग्रीक वंशाच्या गृहस्थांनी केला, तोही डब्यातला अननस घालून. त्यामुळे कांदेनवमींनी या पाकृला हवाइयन म्हटलं नाही ते फार बरं केलं. इथल्या शेजारणी सोया सॉसमधल्या बीफमध्ये आलं घालतात, ब्राउन शुगर घालतात, अननस क्वचितच.

अर्धीभाकर

वा, हा प्रतिसाद वाचनखुणांत. चॅटम आमच्यापासून फार लांब नाही, जाऊन निषेध नोंदवून येतो.

जुनापुराणा

स्लो कुकरचीही कथा याच तोलाची आहे. शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सनला १९४० मध्ये याचं पेटंट मिळालं. त्याची आई लिथुएनियातल्या ज्यू वस्तीत वाढलेली. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक घरातून मांस नि घेवड्याचं भांडं बेकरीत पोचवायचं. भट्टी रात्रभर निवत जायची आणि चोलेंट तयार. आईकडून हे ऐकून त्याने विजेचं भांडं केलं. पुढे रायव्हल कंपनीने ते घेतलं आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणलं. बायका नोकरीला बाहेर पडत होत्या, धडाधड खपलं.

आमच्या आजीचा वैल हेच करायचा, पेटंट घ्यायचं तेवढं राहून गेलं.

दुपारचीझोप

घेवड्यावरून आठवलं. यात राजमा घातला तर एकाच भांड्यात जेवण होईल का? कोरडाच टाकला तर आठ तासांत शिजेल ना?

पाटावरवंटा

थांबा!! कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीही नाही. लाल राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, ते नीट उकळल्याशिवाय मरत नाही. स्लो कुकर कमी तापमानावर राहिला तर राजमा मऊ होतो पण विष तसंच राहतं, आणि पाचसहा दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात. रात्रभर भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा, मगच घाला. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, तो चालतो.

याच सुरात आणखी एक. गोठलेलं मांस थेट घालू नका. ४ ते ६० अंश या टप्प्यात जंतू वाढतात आणि गोठलेला दगड त्यात तासन्‌तास अडकतो. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये सुटू द्या. आणि भरलेलं चिनीमातीचं भांडं फ्रिजमधून काढून तापलेल्या बुडावर ठेवू नका, तडकतं.

मुळामुठा

हायवर ४ तास म्हणजेच लोवर ८ तास, बरोबर ना?

कांदेनवमी

साधारण. दोन्हीकडे शेवटी तापमान उकळीच्या जरा खालीच येऊन थांबतं, हाय तिथे लवकर पोचतो. मोठ्या तुकड्यांना मी लोच देते, कडा सुकत नाहीत. हायवर करायचं तर पाच तास धरा. आणि झाकण उघडून बघू नका हो, दर वेळी वीसेक मिनिटं मागे जातं. काचेतून दिसतंच, वाफ धरली असेल तर बाहेरून टिचकी मारा.

हापूसवेडा

अननस नकोच असेल त्यांच्यासाठी: इंडियन स्टोअरमधला ८५० ग्रॅमचा आमरसाचा डबा. साधारण अर्धा कप पुरतो. साखर असतेच, त्यामुळे गूळ बंद, व्हिनेगर थोडं वाढवा. आमरस सुरुवातीला घातला तर कडेला चिकटून करपतो, म्हणून आटवलेल्या रश्शात शेवटी ढवळायचा. सोबत अर्धा कप नारळाचं घट्ट दूध, तेही शेवटीच, आठ तास ठेवलं तर फुटून तेल वर येतं. सोया सॉस निम्मा करा, आंब्याला तो दाबतो. वरून भाजलेलं खोबरं आणि हिरवी मिरची.
उरलेला आमरस? पोळीबरोबर. विचारायचं काय त्यात.

तर्रीबाज

सांगायला आलोय की रंकाळ्यावरून परत आलो. शनिवारी केलं, मूळ पाकृनेच, फक्त ब्याडगी ४ च्या जागी ९ आणि वरून फोडणी. आटवण्याआधी चाखलं तेव्हा धागाकर्तीला मनातल्या मनात बरंच बोललो, कारण नुसतं गोड पाणी होतं. आटवल्यावर रस्सा चमच्याच्या पाठीला धरायला लागला आणि लिंबू पडलं तेव्हा चव एकदम जागेवर आली. मांसाला सुरी लागली नाही. पोरं अननस वेचून खात होती, मी बाजूचे धागे धागे झालेले तुकडे.

गोड आहेच. पण तिखटामागून येतं, त्यामुळे भांडण होत नाही. कोल्हापुरात हे कबूल करणार नाही.

कांदेनवमी

@तर्रीबाज, ९ मिरच्या! नवऱ्याला हा प्रतिसाद दाखवणार नाही.
@हापूसवेडा, आमरसाचं मस्त, पुढच्या पॉटलकला तेच. उरलेल्या बीफबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले आहेत, त्यांना इथेच सांगते: फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. थंड झाल्यावर वर पांढरी चरबी जमते, ती उचलून टाका, खालचा रस्सा जेलीसारखा झालेला असेल, तो घाबरून फेकू नका. तव्यावर बटर लावून पाव भाजा, आत हे मांस, कच्चा कोबी बारीक चिरून मीठ-लिंबू लावून, आणि एक अननसाची फोड.

अर्धीभाकर

फोटो?

कांदेनवमी

पाव संपले. पुढच्या वेळी.